पटकथालेखकाचा 'कांदेपोहे कार्यक्रम': प्रॉडक्शन हाऊससोबतच्या पहिल्या जनरल मीटिंगची तयारी कशी करायची?

"तुमची स्क्रिप्ट वाचली. लिखाण आवडलं. सध्या आमच्याकडे ती बसत नाही, पण एकदा ऑफिसला या ना, भेटूया."

असा मेसेज आला की नव्या पटकथालेखकाची पहिली रात्र आनंदात जाते आणि दुसरी गोंधळात. स्क्रिप्ट घ्यायची नाहीये, मग बोलावतायत कशाला? तिकडे जाऊन सांगायचं काय? दुसरी स्क्रिप्ट घेऊन जायची का? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे, आपण गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती परस्पर वापरली तर?

सिनेमा आणि वेबसिरीजच्या धंद्यात या भेटीला 'जनरल मीटिंग' म्हणतात. अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये अशा भेटी रोज होत असतात. सिनेमाच्या शिक्षणात पटकथेचे तीन अंक शिकवतात, पण या पाऊण तासाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. लेखकाचं करिअर मात्र बऱ्याचदा याच पाऊण तासापासून सुरू होतं, किंवा होता होता राहतं.

जनरल मीटिंग म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आणि ही पद्धत मूळची लॉस एंजेलिसची. तिथे एखाद्या नव्या लेखकाची स्क्रिप्ट चर्चेत आली की एजंट त्याला आठवडाभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑफिसांत फिरवतो. प्रत्येक ठिकाणी गेल्यावर हातात पाण्याची बाटली मिळते, म्हणून तिथले लेखक या फेरीला गमतीने 'वॉटर बॉटल टूर' म्हणतात. त्या आठवड्यात बाटल्या पुष्कळ जमतात, काम क्वचितच मिळतं.

आपल्याकडे त्याला जवळचा शब्द शोधायचा तर तो आहे कांदेपोहे. पाहायच्या कार्यक्रमात हॉल बुक होत नाही, देण्याघेण्याची बोलणीही होत नाहीत. माणसं कशी आहेत, बोलायला कशी आहेत, पुढे जमेल का, एवढंच बघितलं जातं. जनरल मीटिंगही तशीच. इथे स्क्रिप्ट विकली जात नाही. लेखक कसा विचार करतो आणि याच्यासोबत दीड-दोन वर्षं काम करणं झेपेल का, हे समोरचा चाचपून बघत असतो.

हिंदी सिनेमाची जुनी रीत वेगळी होती, ती म्हणजे 'नॅरेशन'. निर्मात्यासमोर किंवा स्टारसमोर बसून अख्खी गोष्ट ऐकवायची, तीही गाण्यांच्या जागांसकट. सलीम-जावेद यांच्या 'शोले'ची सुरुवात तर चार ओळींच्या कल्पनेपासून झाली होती. ती काही ठिकाणी नाकारली गेली आणि मग सिप्पींकडे उभी राहिली. इथे एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. त्या चार ओळी ऐकणारे सिप्पी या जोडीला आधीपासून ओळखत होते. दोघांनी त्यांच्याच कंपनीच्या स्टोरी डिपार्टमेंटमध्ये महिना पगारावर काम केलं होतं आणि १९७२ चा 'सीता और गीता' हिट झाला होता. विश्वास आधी होता, चार ओळी नंतर आल्या. ज्याच्याकडे असा विश्वास जमा नाही, त्याच्यासाठी तो जमवायला सुरुवात करायची जागा म्हणजे जनरल मीटिंग.

समोर कोण बसलेलं असतं?

बहुतेक वेळा निर्माता नसतो. असतो तो कंपनीच्या डेव्हलपमेंट टीममधला माणूस: क्रिएटिव्ह प्रोड्युसर, डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह, असलंच काहीतरी पद. वय अनेकदा लेखकाएवढंच. स्क्रिप्ट्स वाचणं, लेखक शोधणं आणि वरच्यांना 'हे बघा' म्हणून सांगणं, हे त्याचं काम. 'नाही' म्हणायचा अधिकार त्याला असतो, एकट्याने 'हो' म्हणायचा सहसा नसतो.

तयारीची दिशा इथेच ठरते. या माणसाला मीटिंग संपल्यावर बॉसच्या केबिनमध्ये जाऊन दोन वाक्यांत सांगायचं असतं की आज कोण भेटलं. ती दोन वाक्यं लेखकाने त्याला दिली नाहीत, तर तो स्वतःची बनवतो. आणि ती बहुधा 'हां, ठीक होता, बघू' अशी असतात.

मग हा विषय आत्ताच का?

कारण विकत घेणारे कमी झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सोनी आणि झी यांचं विलीनीकरण फिसकटलं. त्याच वर्षी ॲमेझॉनने एमएक्स प्लेअर घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले मीडिया व्यवसाय एकत्र येऊन जिओस्टार झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार या दोन दारांच्या जागी जिओहॉटस्टार हे एकच दार उरलं. प्रॉडक्शन हाऊस ज्यांना सिरीज विकतं, ते दरवाजे हेच.

दरवाजे कमी झाले की प्रॉडक्शन हाऊस जपून पावलं टाकतं. स्क्रिप्टवर पैसे लावण्याआधी लेखकाला भेटून घेणं त्याला स्वस्त पडतं. त्यामुळे भेटीचं आमंत्रण मिळणं म्हणजे काम मिळणं, हा हिशोब आधीही चुकीचाच होता, आता तर जास्तच. पण याची दुसरी बाजूही आहे. कंपनीला एखाद्या पुस्तकावरून किंवा परदेशी मालिकेवरून सिरीज करायची असते, आणि त्यासाठी लेखक हवा असतो. असं काम जाहिरात देऊन भरलं जात नाही. 'मागच्या महिन्यात ती नांदेडची मुलगी आली होती ना, तिला विचारूया', असंच ते जातं.

गृहपाठ: कंपनीचे सिनेमे बघणं पुरेसं आहे का?

बघायला हवेतच, पण फक्त बघून भागत नाही. कंपनीला कशाची भूक आहे, हे त्यातून वाचता यायला हवं.

ॲप्लॉज एंटरटेन्मेंटचं काम बघा. 'स्कॅम १९९२' आली ती सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावरून. 'क्रिमिनल जस्टिस' बीबीसीच्या मालिकेवरून. 'ब्लॅक वॉरंट' सुनील गुप्ता आणि सुनेत्रा चौधरी यांच्या पुस्तकावरून. यातून काय कळतं? तर या कंपनीचा आधी कुठेतरी सिद्ध झालेल्या मजकुरावर भर आहे. तिथे जाणाऱ्या लेखकाला 'हे पुस्तक मी वाचलंय आणि यात सिरीज दिसते' असं सांगता आलं, तर बोलणं लगेच कामाचं होतं.

मॅडॉक फिल्म्सचं वेगळं. २०१८ चा 'स्त्री', मग 'भेडिया', २०२४ चा 'मुंज्या' आणि 'स्त्री २': स्थानिक भुतंखेतं आणि विनोद यांची मोट बांधून त्यांनी एक अख्खं विश्व उभं केलं. मराठी लेखकाने यातला 'मुंज्या' जरा बारकाईने बघावा. कोकणातली पिंपळाची, सोडमुंजीची गोष्ट हिंदीत गेली आणि चालली. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ज्यांनी त्याआधी मराठीत 'झोंबिवली' केला होता. म्हणजे आजीने सांगितलेल्या गोष्टीला बाजारात किंमत आहे. फक्त तिथे जाऊन 'माझ्याकडेपण एक भुताची गोष्ट आहे' म्हणू नये. भुताच्या गोष्टी त्यांना सगळेच ऐकवत असणार.

गृहपाठातला शेवटचा आणि बहुतेक जण विसरतात तो भाग म्हणजे भेटणाऱ्या माणसाचं नाव शोधणं. त्याने आधी कुठे काम केलं, कुठल्या सिरीजच्या श्रेयनामावलीत तो आहे, हे दहा मिनिटांत सापडतं. एखाद्या फारशा न गाजलेल्या सिरीजमधला एखादा प्रसंग आवडला असेल आणि तो खरंच आवडला असेल, तर तसं सांगावं. खोटं कौतुक मात्र या लोकांना लांबून ओळखू येतं. दिवसभर तेच ऐकत असतात.

'स्वतःबद्दल सांगा'

मीटिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि बहुतेक लेखक तो बायोडेटासारखा उरकतात. बीए अमुक कॉलेज, मग मास कॉम, मग दोन शॉर्ट फिल्म्स, मग लॉकडाऊन.

समजा, नांदेडची एक लेखिका रात्रीची गाडी पकडून मुंबईत आली आहे. तिने असंच सांगितलं तर ऐकणारा मान डोलावेल आणि विसरेल. पण तिने सांगितलं की, "माझ्या वडिलांचा स्टेशनजवळ लॉज होता. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारे पंजाबचे भाविक तिथे उतरायचे. शाळेतून आले की मी काउंटरवर बसायचे. कोण घरून भांडून आलंय, कोण नवस फेडायला आलंय, हे रजिस्टरमध्ये सही करतानाच मला कळायचं. मी अजूनही तेच लिहिते, एका रात्रीपुरती एकत्र आलेली माणसं." तर?

बॉसच्या केबिनमधली दोन वाक्यं तयार झाली. 'लॉजवाली' हे तिचं नाव पडलं. पुढे कधी हॉटेलची, प्रवासाची, तीर्थक्षेत्राची गोष्ट त्या ऑफिसात आली की तिचा चेहरा आठवणार.

यात नाट्यमय आयुष्य असण्याची गरज नाही. वडील बँकेत आणि आई शिक्षिका असलेल्या घरातही सांगण्यासारखं असतंच. मुद्दा एवढाच की आयुष्य आणि लिखाण यांना जोडणारा धागा लेखकाला स्वतःला माहीत हवा. हे दोन मिनिटांत बोलता यायला हवं, आणि त्यासाठी घरी मोठ्याने बोलून बघावं लागतं. मनातल्या मनात ते नेहमी छानच वाटतं.

भाषेची भीती हा मराठी लेखकांचा खास विषय. ऑफिसातलं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत चालतं, हिंदी स्क्रिप्टमधले संवाद अनेक ठिकाणी रोमन लिपीत वाचले जातात. पण मोडक्या इंग्रजीमुळे मीटिंग फसत नाही. ती फसते उसन्या इंग्रजीमुळे, म्हणजे मुलाखतींत ऐकलेले शब्द पेरून बोलल्यामुळे. ज्या भाषेत गोष्ट सांगताना हात आपोआप हलतात, त्या भाषेत बोलावं. समोरचा मराठी असेल तर प्रश्नच मिटला, आणि या धंद्यात मराठी माणसं बरीच आहेत.

'सध्या काय बघताय?' हाही प्रश्न येतो. त्याला फक्त कोरियन आणि स्पॅनिश सिरीजची यादी ऐकवणं हा आता एक वेगळाच साचा झाला आहे. काय आवडलं यापेक्षा का आवडलं, हे बोलता आलं पाहिजे. आणि काय आवडलं नाही हे सांगताना जरा जपून. ज्या सिरीजला नावं ठेवतोय, तिचा लेखक पलीकडच्या खोलीत बसलेला असू शकतो.

'आणखी काय लिहिताय?' इथे किती सांगायचं?

हा प्रश्न येतोच. त्यासाठी दोन-तीन कल्पना तयार असाव्यात, प्रत्येकी एक-दोन वाक्यांच्या. 'शिक्षणव्यवस्थेवर भाष्य करणारी सिरीज' ही कल्पना नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. 'लातूरच्या कोचिंग क्लासच्या हॉस्टेलवर एक मुलगी दोन वर्षं दुसऱ्याच मुलीच्या नावाने राहते आणि निकालाच्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो', ही कल्पना झाली. समोरच्याने 'मग पुढे?' विचारलं तर पुढे जावं. नाही विचारलं तर दुसरीकडे वळावं.

आता चोरीच्या भीतीबद्दल. ती अगदीच निराधार नाही, पण कायदा काय म्हणतो हे फार कमी लेखकांना ठाऊक असतं.

भारतात नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नाही. यातला पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, १९७८ चा, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं. १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा सिनेमा त्यावरून उचलला, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्हींत प्रांतवादाचा विषय आणि दोन वेगळ्या प्रांतांतल्या कुटुंबांतलं प्रेम होतं. तरीही ते केस हरले. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे मीटिंगमध्ये तोंडी सांगितलेली एक ओळ जवळपास उघड्यावरच असते.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती लेखकांच्या बाजूची आहे. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हे प्रकरण आलं. सनडायलने 'कृष कन्हैया' या मालिकेची संकल्पना लिहून, लेखक संघटनेकडे नोंदवून वाहिनीला सांगितली होती. नंतर वाहिनीकडून 'कन्हैया' नावाची मालिका येऊ लागली. न्यायालयाने सनडायलच्या बाजूने दिलेला मनाई हुकूम कायम ठेवला. त्यात कॉपीराइटइतकाच महत्त्वाचा मुद्दा होता विश्वासभंगाचा: गोपनीय म्हणून, विशिष्ट हेतूने सांगितलेली आणि पुरेशी तपशीलवार असलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानेही 'स्वयंवर' या रिॲलिटी शोच्या संकल्पनेबाबत अशीच भूमिका घेतली होती.

या दोन्हींचा व्यवहारातला अर्थ असा. संकल्पना जितकी तपशिलात लिहिलेली, तारखेसह नोंदवलेली आणि कुणाला कधी दिली याचा लेखी माग असलेली, तितका लेखक भक्कम. स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, सभासदांना ऑनलाइन नोंदणीची सोय देते. या नोंदणीने कॉपीराइट मिळत नाही. तो लिहिल्याक्षणीच मिळालेला असतो. नोंदणी हा अमुक तारखेला अमुक मजकूर अस्तित्वात होता, याचा पुरावा असतो. म्हणून साधा नियम: जे नोंदवलेलं आहे तेच बोलायचं. परवा रात्री सुचलेलं आणि अजून कागदावर न आलेलं, ते कितीही बोलावंसं वाटलं तरी पोटात ठेवायचं.

मीटिंगआधी लेखकानेच गोपनीयतेचा करार मागावा का? पहिल्या भेटीला तो मिळणं जवळपास अशक्य. उलट अनेक कंपन्या स्क्रिप्ट वाचण्याआधी लेखकाकडूनच 'रिलीज फॉर्म' भरून घेतात. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की आमच्याकडे यासारखंच काही आधीपासून असू शकतं आणि त्याबद्दल तुम्ही दावा करणार नाही. मोबाइलवर 'आय ॲग्री' दाबण्याआधी तो वाचावा. संघटनेचे सभासद असाल तर तिथे विचारताही येतं.

'दोन पानं लिहून पाठवून द्या ना'

जनरल मीटिंगमधला खरा सापळा चोरीचा नाही, हा आहे. गप्पा रंगतात, समोरचा म्हणतो, "आम्ही सहकारी बँकेच्या घोटाळ्यावर काहीतरी शोधतोय. यावर दोन पानं लिहून पाठवाल?" लेखक हवेत तरंगत घरी येतो, आठवडाभर जागतो, दोनाची आठ पानं होतात. मग बदल सुचवले जातात. तीन महिने जातात आणि मग कळतं की कंपनीने तो विषयच सोडला. एक रुपया नाही, आणि ती पानं आता धड कुणाची, हेही स्पष्ट नाही, कारण विषय त्यांचा, लिखाण याचं.

अमेरिकेत पटकथालेखकांच्या संघटनेने, रायटर्स गिल्डने, यावर 'नो रायटिंग लेफ्ट बिहाइंड' अशी मोहीमच चालवली. मीटिंगनंतर फुकटचं लिखाण मागे ठेवून येऊ नका, असं सभासदांना बजावलं. तिथे संघटनेमागे कंपन्यांवर बंधनकारक असलेला सामूहिक करार आहे. २०२३ मध्ये १४८ दिवसांचा संप करून तो नव्याने पदरात पाडून घेतला गेला. भारतात असा बंधनकारक करार नाही. त्यामुळे नव्या लेखकाने बाणेदारपणे 'आधी पैसे' म्हणणं बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे.

तरी एक रेघ ओढता येते. आपली स्वतःची, आधीच लिहिलेली, नोंदवलेली दोन पानं पाठवणं वेगळं. त्यांच्या कल्पनेवर नव्याने लिहून देणं वेगळं, ते काम आहे. पहिल्याला आनंदाने हो म्हणावं. दुसऱ्याला, "विषय मला आवडलाय. माझ्या डोक्यात काय येतंय ते पुढच्या भेटीत बोलूया, आणि लिहायचं ठरलं तर त्याची फी कशी असते तेही सांगा," असं हसून म्हणता येतं. या वाक्याने चिडणारी कंपनी पुढे करारात काय करेल, याचा अंदाज लेखकाला इथेच फुकटात मिळतो. आणि समजा, परिस्थिती पाहून एक पान लिहून द्यायचंच ठरवलं, तर ते एकच पान असावं, एकदाच असावं आणि मेलने जावं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून नाही.

मीटिंगच्या दिवशी

यात फार काही नाही. कपडे रोजचे, स्वच्छ. कल्याणहून किंवा विरारहून येणाऱ्याने लोकलचा एक तास जास्तीचा धरावा आणि लवकर पोचलं तर वर न जाता खाली टपरीवर चहा घ्यावा. त्यांची मीटिंग अर्धा तास उशिरा सुरू होईल, तेव्हा चेहरा पाडू नये. स्क्रिप्टची प्रिंट सोबत नेऊन टेबलावर ठेवायची गरज नसते. त्यांनाही काही विचारावं: तुम्ही सध्या काय शोधताय, काय नकोय, मराठीत काही करायचा विचार आहे का. हे प्रश्न न विचारता परतणाऱ्याची अर्धी मीटिंग वाया गेलेली असते.

घरी जाताना गाडीतच दोन कामं. पहिलं, काय बोलणं झालं आणि कोणत्या कल्पना सांगितल्या, हे तारखेसह वहीत लिहून ठेवणं. दुसरं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेल: भेटून आनंद झाला, अमुक दोन कल्पनांबद्दल आपण बोललो, अमुक स्क्रिप्ट पाठवायचं ठरलं होतं, ती सोबत जोडली आहे. वाचणाऱ्याला हा शिष्टाचार वाटतो. उद्या काही वाद झालाच, तर कोणत्या कल्पना कधी सांगितल्या हे दाखवणारा कागद तोच असतो.

त्यानंतर बहुधा शांतता असते. दर आठवड्याला 'सर, काही अपडेट?' विचारण्यात अर्थ नसतो. तीन-चार महिन्यांनी काहीतरी नवं लिहून झालं, एखादी शॉर्ट फिल्म महोत्सवात लागली, गोव्याच्या फिल्म बझारमधल्या स्क्रीनरायटर्स लॅबसाठी निवड झाली, की पुन्हा चार ओळी पाठवाव्यात. डेव्हलपमेंटमधली माणसं नोकऱ्या भराभर बदलतात. नांदेडच्या त्या लेखिकेला अंधेरीच्या ऑफिसात भेटलेली एक्झिक्युटिव्ह वर्षभराने दुसऱ्याच कंपनीत, कदाचित जरा वरच्या पदावर बसलेली असेल. जुन्या ऑफिसचा ईमेल आयडी तेव्हा बंद झालेला असतो, म्हणून वहीत मोबाइल नंबरही लिहून ठेवलेला बरा.